निर्णय कोणाचा?

मनुष्य एकटा राहणारा प्राणी नव्हे. तो समूहात जन्मतो, समूहात वाढतो आणि समूहाच्याच आधाराने संकटांतून तरून जातो. परंतु दहा माणसे एकत्र आली की दहा मते उत्पन्न होतात. कोणी म्हणतो, नदीकाठाने जावे. कोणी म्हणतो, डोंगराच्या वाटेने जावे. कोणास आजच पेरणी करावीशी वाटते, तर कोणास आणखी चार दिवस थांबावेसे वाटते. सर्वांनी मिळून एकच मार्ग स्वीकारल्याखेरीज समूह टिकत नाही. म्हणून 'निर्णय कोणी करावा आणि इतरांनी तो का मानावा?' हा प्रश्न राजे, राजधान्या आणि कायदे यांच्याहून कितीतरी जुना आहे. माणसांचे समूह जेव्हापासून आहेत, तेव्हापासून हा प्रश्नही आहे.

या प्रश्नाची प्राचीन उत्तरे कोठे शोधावीत? त्या काळच्या लोकांना लिपी ठाऊक नव्हती. त्यांनी बखरी लिहून ठेवल्या नाहीत की शिलालेख कोरले नाहीत. त्यांची घरे मातीची होती आणि ती मातीतच मिळून गेली. तथापि माती सर्व काही गिळून टाकत नाही. फुटकी खापरे, चुलींची राख, जळालेले धान्याचे दाणे, दगडी हत्यारे आणि मृतांच्या अस्थी ती जपून ठेवते. नीट वाचता आली, तर हीच त्या लोकांची बखर होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, प्रवरा नदीच्या काठी अशा बखरीची अनेक पाने सापडलेली आहेत.

प्रवरा सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते. अकोले, संगमनेर अशा गावांजवळून पूर्वेकडे वाहत ती नेवाशाच्या पुढे प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. नेवासे हे नाव उच्चारताच मराठी माणसास ज्ञानेश्वरीचे आणि पैसाच्या खांबाचे स्मरण होते. परंतु ज्ञानेश्वरांच्या आधी कित्येक सहस्र वर्षे या परिसरात माणूस वावरत होता. नेवाशाजवळ चिरकी नावाचा ओढा आहे. तेथे १९६६ ते १९६९ या काळात गुद्रुन कॉर्व्हिनस या जर्मन विदुषीने उत्खनन केले आणि अश्मयुगीन माणसाने घडवलेल्या हातकुऱ्हाडी व इतर दगडी हत्यारे उजेडात आणली. ही हत्यारे घडवणारा माणूस शेती जाणत नव्हता. शिकार करावी, कंदमुळे व फळे गोळा करावीत आणि पाणी व सावज यांच्या मागोमाग हिंडावे, असे त्याचे जीवन होते.

अशा भटक्या टोळ्यांत नायक कसा असेल? हत्यारे या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. परंतु विसाव्या शतकापर्यंत शिकारीवर आणि वनातील अन्नावर जगणारे काही समाज पृथ्वीच्या पाठीवर होते. त्यांच्या राहणीचा अभ्यासकांनी बारकाईने अभ्यास केला आहे. हे समाज म्हणजे अश्मयुगाचे जिवंत नमुने, असे मात्र समजू नये. त्यांनाही त्यांचा स्वतःचा दीर्घ इतिहास आहे. तरी थोड्या माणसांच्या फिरत्या समूहात निर्णय कसे होतात, हे त्यांच्यावरून पुष्कळसे उमगते.

आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात राहणाऱ्या सान लोकांचे उदाहरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे. त्यांच्यात आज्ञा करणारा आणि दंड देणारा राजा नव्हता. मुक्काम हलवावयाचा झाल्यास सर्वजण विस्तवाभोवती बसत. ज्येष्ठ मंडळी पाणवठ्यांच्या आठवणी सांगत, तरुण आपण पाहिलेले सावजाचे माग सांगत, स्त्रिया कोठे कोणते कंद मिळतील हे सांगत. बोलणे रात्र रात्र चाले आणि अखेर बहुतेकांचे मन एका दिशेस वळे. ज्यास ज्या विषयाचे ज्ञान अधिक, त्याच्या शब्दास त्या वेळी वजन. शिकारीच्या वेळी कुशल शिकारी पुढे होई, आजारपणात औषधी जाणणारा पुढे होई. काम संपले की त्याचे पुढारपणही संपे.

या लोकांची आणखी एक रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. एखाद्या शिकाऱ्याने मोठे जनावर मारून आणले तरी कोणी त्याची तोंड भरून स्तुती करीत नसे. उलट, 'हे एवढेसे हाडकुळे जनावर कशास आणलेस?' असे म्हणून त्याची थट्टा केली जाई आणि तो शिकारीही आपल्या पराक्रमास हलकेच लेखी. मांसाची वाटणी करण्याचा मान ज्याचा बाण असेल त्यास मिळे. आणि पुष्कळदा तो बाण दुसऱ्याच कोणाकडून, एखाद्या वृद्धाकडून किंवा स्त्रीकडून, मागून घेतलेला असे. ही थट्टा निष्ठुरपणाची नव्हती. यशाने माणसाच्या अंगी गर्व शिरतो, गर्वातून इतरांवर हुकूम गाजवण्याची इच्छा होते आणि मग समूहात फूट पडते, हे अनुभवाने उमगलेल्या लोकांनी शोधलेला तो उपाय होता.

अशा समूहात कोणी जुलूम करू लागला, तर इतरांस आपले थोडके सामान उचलून दुसऱ्या टोळीत निघून जाता येई. मागे सोडून जाण्याजोगे शेत नव्हते की धान्य नव्हते. ज्याच्या हाती साठा नाही, त्याच्या हाती सत्ताही फार काळ राहत नाही. ही गोष्ट ध्यानात घेतली, म्हणजे पुढे शेती आल्यावर समाजाचे रूप का पालटले, हे समजणे सोपे जाते.

प्रवरेच्या काठी शेती करणाऱ्या लोकांच्या वसाहती सुमारे चार हजार वर्षांपूर्वी उभ्या राहिल्या. त्यांचा शोध स्वातंत्र्योत्तर काळात लागला. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावी १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथे तांबूस रंगाची, काळ्या रंगाने नक्षी काढलेली, खणखणीत भाजलेली मृत्पात्रे मिळाली. तशीच मृत्पात्रे पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळू लागली आणि त्या सर्व वसाहतींच्या संस्कृतीस 'जोर्वे संस्कृती' असे नाव पडले. एका लहानशा गावाचे नाव अशा रीतीने भारताच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे उत्खनन झाले. १९५८ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथील टेकाडाचा शोध बी. पी. बोपर्डीकर यांनी लावला आणि पुढे म. ना. देशपांडे, एस. आर. राव व एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली तेथे वेळोवेळी उत्खनने झाली. जोर्वे संस्कृतीचा ऐन भराचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १००० असा मानला जातो.

हे लोक नदीकाठच्या काळ्या जमिनीत सातू, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ यांसारखी पिके काढीत. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळीत. तांबे त्यांना ठाऊक होते. परंतु ते दुर्मिळ असल्यामुळे रोजच्या कामास गारगोटीच्या जातीच्या दगडाची धारदार पाती वापरीत. कूडमातीच्या भिंतींच्या, चौकोनी आणि गवताने शाकारलेल्या घरांत ते राहत. घरात चूल असे, धान्याची कणगी ठेवण्यासाठी गोल ओटा असे, कोठे जमिनीत पेव खणलेले असे.

कणगी आणि पेव! दिसावयास या किती साध्या वस्तू! पण समाजाच्या इतिहासात त्यांनी केवढी उलथापालथ केली! आजचे धान्य उद्यासाठी ठेवता येऊ लागले आणि त्याबरोबर कित्येक नवे प्रश्न उभे राहिले. साठा राखावयाचा कोणी? पुढच्या वर्षीचे बियाणे बाजूस किती काढावे? ज्याचे पीक बुडाले त्यास कोणाच्या कणगीतून द्यावे? नदीचे पाणी प्रथम कोणाच्या शेतात जावे? एकाच्या गुरांनी दुसऱ्याचे पीक खाल्ले तर भरपाई कोणी ठरवावी? आणि या निवाड्याचा राग आला, तरी उभे पीक आणि भरलेली कणगी टाकून माणूस जाणार कोठे? भटक्याला जे स्वातंत्र्य होते, ते शेतकऱ्याला उरले नाही. भांडणे मिटवणारा, वाटणी करणारा आणि पुढचा विचार करणारा कोणीतरी गावास हवासा झाला.

असा कोणीतरी खरोखरच होता काय? या प्रश्नावर सर्वांत अधिक प्रकाश पाडणारे स्थळ अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात आहे. घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८२ या काळात प्रदीर्घ उत्खनन झाले. डॉ. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी या कामाची धुरा वाहिली. सव्वाशेहून अधिक घरांचे अवशेष तेथे उघडे करण्यात आले. एक-दोन घरे खणून गावाची कल्पना येत नाही. परंतु इतकी घरे एकत्र पाहिली, म्हणजे कोणाचे घर कोठे होते, कोणाचे मोठे व कोणाचे लहान होते, हे नजरेत भरते.

इनामगावची बहुतेक घरे एका किंवा दोन खोल्यांची होती. कुंभार, सोनार यांसारख्या कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिमेकडील कडेस होती, तर सुस्थितीतील शेतकऱ्यांची घरे मध्यभागी होती. या मध्यभागातील एक घर मात्र चांगले पाच खोल्यांचे होते. त्याच्या लगत धान्याचे मोठे कोठार होते. एका कुटुंबास लागणाऱ्या धान्यासाठी एवढ्या कोठाराची गरज नसते. यावरून अभ्यासकांनी असे अनुमान केले की, हे घर गावच्या नायकाचे असावे. गावकरी आपल्या धान्याचा काही भाग त्याच्याकडे जमा करीत असावेत. आणि त्या साठ्याचा विनियोग तो करीत असावा.

नायकाच्या कार्याची आणखी एक साक्ष इनामगावच्या भूमीत मिळाली. नदीच्या पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी तेथील लोकांनी एक पाट खणला होता. तो सुमारे ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल होता. त्याच्या काठाने दगडमातीचा बांध घातलेला होता. लोखंडी कुदळ किंवा फावडे यांचा त्या काळी मागमूसही नव्हता. अशा स्थितीत हे काम किती कष्टाचे असेल, याची कल्पना करावी.

परंतु केवळ कष्टाने पाट होत नाही. पाट कोठून काढावा, उतार कोणत्या बाजूस ठेवावा, हे प्रथम ठरवावे लागते. नंतर प्रत्येक घरातून माणूस कामास यावा लागतो. काम शेतीच्या हंगामाआधी संपले पाहिजे. म्हणजे सुरुवातीचा दिवसही ठरला पाहिजे. काम चालू असेतोवर राबणाऱ्यांच्या पोटास अन्न मिळाले पाहिजे. ते बहुधा कोठारातूनच येणार. पाणी आल्यावर पाळ्या ठरल्या पाहिजेत. नाही तर वरच्या शेताचा मालक तृप्त आणि खालच्याचे पीक वाळलेले, अशी गत होते. दर वर्षी पुराबरोबर येणारा गाळ उपसला पाहिजे. आणि जो उपसण्यास येणार नाही, त्याचे काय करावे, हेही ठरले पाहिजे. एक पाट म्हणजे असे शंभर निर्णय. म्हणूनच पाटाचा हा खळगा पाहून पुरातत्त्वज्ञांना केवळ पाणी आठवले नाही. त्या पाण्यामागे उभी असलेली गावाची शिस्त त्यांना दिसली.

इनामगावच्या लोकांचे मृतांविषयीचे आचारही या संदर्भात बोलके आहेत. लहान मूल वारल्यास त्यास दोन कुंभांत ठेवीत आणि ते कुंभ तोंडास तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरीत. प्रौढ माणसास उत्तरेकडे डोके करून उताणे पुरीत. पण पुरण्यापूर्वी त्याची पावले घोट्यापासून तोडीत. मृताने घर सोडून दूर जाऊ नये, अशी त्यामागील भावना असावी असे काही अभ्यासक मानतात. परंतु एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात यापेक्षा निराळा प्रकार आढळला. तेथे चार पायांचा एक मोठा मातीचा रांजण पुरलेला होता. त्यात सुमारे चाळीस वर्षांच्या पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितीत होता. पाय मुडपून घेतलेले होते आणि त्याची पावले तोडलेली नव्हती. सर्वांसाठी असलेला नियम ज्याच्यासाठी बाजूस ठेवला गेला, तो पुरुष गावात कोणी विशेष असला पाहिजे. तो नायकच असावा, हे अनुमान म्हणूनच बहुतेकांस पटते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मातीतील वस्तू खोटे बोलत नाहीत. परंतु त्यांचा अर्थ लावणारा माणूस चुकू शकतो. नेवासे येथील उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यात धाग्यात ओवलेली तांब्याच्या मण्यांची माळ आढळली. तांबे त्या काळी मौल्यवान होते. ज्या मुलाने अजून काहीच कर्तृत्व केले नव्हते, त्याच्या गळ्यात एवढे मोलाचे लेणे कसे आले? मान जन्माने मिळू लागला होता, त्याची ही खूण असे कोणी म्हणेल. पण ती आईबापांच्या मायेचीही खूण असू शकेल. गमावलेल्या लेकराबरोबर घरातील सर्वांत आवडती वस्तू देण्यास कोणीही नायक असावे लागत नाही. एका माळेवरून संपूर्ण समाजाची रचना सांगू नये. पण घर, कोठार, पाट आणि दफन हे चार साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, तर तिच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नसते.

पुन्हा प्रवरेकडे वळले, तर दायमाबाद येथे सत्तेचे अधिक मोठे रूप दिसते. जोर्वे संस्कृतीच्या दोनशेहून अधिक वसाहती ठाऊक झाल्या आहेत. त्यांपैकी बहुतेक लहान खेडी होती. इनामगावचा विस्तार सुमारे ५ हेक्टर होता. दायमाबाद मात्र २० हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पसरले होते. वस्तीभोवती मातीचा तट होता आणि त्यास बुरूज होते. एका खेड्याच्या बळावर असा तट उभा राहणे कठीण. म्हणून आसपासच्या लहान वसाहती दायमाबादकडे मध्यवर्ती स्थान म्हणून पाहत असाव्यात, असे मानले जाते.

१९७४ मध्ये दायमाबाद येथे एक आश्चर्य घडले. झाडाचे खोड खणून काढताना तेथील एका रहिवाशास जमिनीखाली चार भरीव धातुशिल्पे मिळाली. दोन बैल जोडलेला रथ आणि त्यात उभा असलेला सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ती शिल्पे होत. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर असून चारही शिल्पांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरते. सारथ्याची ऐट, बैलांची बाकदार वशिंडे आणि हत्तीचा भारदस्तपणा पाहून आजचा शिल्पकारही थक्क होतो. ही शिल्पे नेमकी कोणत्या काळातील, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत; काही त्यांना उत्तर हडप्पा काळातील मानतात. काळ कोणताही ठरला, तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. जेथे लोक कुऱ्हाडीसाठीही तांबे जपून वापरीत, तेथे एवढा धातू दुरून आणवणे, तो वितळवणाऱ्या व ओतणाऱ्या कारागिरांस पोसणे आणि तो नित्याच्या उपयोगास न लावता शिल्पांत गुंतवणे, हे एखाद्या सामान्य कुटुंबाचे काम नव्हे. त्यामागे संपत्ती आणि अधिकार एकवटलेले असले पाहिजेत.

तरीही या नायकांस राजे म्हणता येणार नाही. इनामगावच्या नायकाचे घर मोठे होते. पण तेही मातीचेच होते आणि इतरांच्या घरांच्या मध्येच होते. तेथे राजवाडा नव्हता, खजिना नव्हता, लेखनिक नव्हते. उभ्या फौजेचा पुरावाही आढळलेला नाही. अशा नायकाने केवळ धाकाच्या जोरावर गाव चालवले असेल, हे संभवत नाही. कोठार भरलेले ठेवणे, पाट वाहता ठेवणे आणि तंटे मिटवणे ही कामे तो करी, म्हणून लोक त्याचा शब्द मानीत. कोठार हे दुधारी शस्त्र आहे. अवर्षणात त्याचे दार उघडले तर नायक गावाचा पालक ठरतो. तेच दार त्याने आपल्यापुरते बंद केले तर तो गावाचा वैरी ठरतो. सेवा आणि सत्ता यांची मुळे अशी एकाच कोठारात गुंतलेली असतात.

साठा आला म्हणजे एकाचीच सत्ता येते, असा मात्र सृष्टीचा नियम नाही. उत्तर अमेरिकेतील इरोक्वा लोक मका पिकवीत आणि साठवीत. परंतु त्यांच्यात शेते व धान्य स्त्रियांच्या ताब्यात असे. कुळातील ज्येष्ठ स्त्रिया पुरुषांमधून नायक निवडीत आणि तो कर्तव्यास चुकला तर त्यास पदावरून दूरही करीत. आपल्या देशातील वैदिक वाङ्मयातही 'सभा' आणि 'समिती' यांचे उल्लेख येतात. अथर्ववेदात तर त्यांना प्रजापतीच्या दोन कन्या म्हटले आहे. प्रवरेकाठच्या लोकांचा या दोहोंशी संबंध होता, असे म्हणण्यास आधार नाही. पण नायक असावा आणि त्याला विचारणारी सभाही असावी, ही गरज जगात ठिकठिकाणी माणसांना जाणवली, एवढे यावरून निश्चित दिसते.

नायकाच्या सामर्थ्यालाही सीमा होती. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटत गेले असावे, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. प्रवरा आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांतील जोर्वे संस्कृतीच्या वसाहती त्या सुमारास ओस पडल्या. इनामगाव त्यानंतरही सुमारे तीनशे वर्षे नांदते राहिले. पण त्याची कळा पालटली. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती रोडावली आणि लोक शेळ्या-मेंढ्यांवर व शिकारीवर अधिकाधिक विसंबू लागले. कोठाराने एका वर्षाचे अवर्षण निभावते, कदाचित दोन वर्षांचेही निभावेल. पण पिढ्यान्‌पिढ्या आभाळ रुसले तर कोठार काय करणार? त्या लोकांनी हट्टाने नाश ओढवून घेतला नाही. परिस्थिती ओळखून त्यांनी आपली राहणी बदलली. गाव सोडावे की राहावे, शेते राखावीत की कळप वाढवावेत, हे त्यांचे सर्वांत कठीण निर्णय असतील. ते निर्णय नायकाने केले की सर्वांनी मिळून केले, हे मातीने सांगितलेले नाही.

पुढे काळ लोटला. राज्ये आली आणि गेली. महाराष्ट्राच्या खेड्यांत पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार यांची व्यवस्था रुजली. गोतसभा भरू लागल्या आणि वतनांचे व शिवांचे तंटे त्यांच्यापुढे येऊ लागले. या व्यवस्थेत गावाला बळ होते, पण अन्यायही होता. मान जन्मावरून ठरे, आणि गावकुसाबाहेरच्या माणसास व बहुधा स्त्रियांस निर्णयात स्थान नसे. स्वतंत्र भारताच्या संविधानाने प्रत्येक प्रौढ नागरिकास समान मत दिले. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस आणि पंचायतींना संविधानात स्थान मिळाले. ही दुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. तिने अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि स्त्रियांसाठी पंचायतींत जागा राखून ठेवल्या. विस्तवाभोवती बसलेल्या टोळीत प्रत्येकास जो शब्द होता, तो आता कायद्याच्या आधाराने प्रत्येकास परत मिळाला.

आणि प्रश्न? तो पुष्कळ अंशी तोच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील नगर तालुक्यात हिवरे बाजार नावाचे कमी पावसाचे गाव आहे. दुष्काळाने तेथील कित्येक कुटुंबांना पोटासाठी गाव सोडावे लागले होते. १९८९ मध्ये पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. त्यानंतर ग्रामस्थांनी श्रमदानाने डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले आणि झाडे लावली. पण पाणी अडवण्याहून पाणी वाटणे अधिक कठीण असते. शेतीसाठी कूपनलिका खणू नये, उसासारखे फार पाणी पिणारे पीक घेऊ नये, चराऊ रानात गुरे मोकळी सोडू नयेत, असे निर्बंध ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतले. त्या वर्षी पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आहे, हे मोजून कोणती पिके घ्यावीत हे गाव ठरवू लागले. ऊस लावून एखाद्यास चार पैसे अधिक मिळाले असते; तरी त्याने सर्वांच्या विहिरीसाठी तो मोह आवरला. सरपंचाने मार्ग दाखवला हे खरे. पण तो मार्ग टिकला, तो गावाने आपला निर्णय म्हणून पाळला म्हणून.

इनामगावच्या पाटाजवळ उभ्या असलेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यास हे सारे चटकन उमगले असते. पाणी थोडे, तोंडे पुष्कळ. मग प्रथम कोणाचे शेत भिजावे? या प्रश्नाचे उत्तर बळाने देता येते, जन्माच्या मानाने देता येते, किंवा सर्वांनी एकत्र बसून विचारानेही देता येते. पहिल्या दोन उत्तरांना वेळ थोडा लागतो. तिसऱ्यास पुष्कळ लागतो. त्यासाठी दुसऱ्याचे ऐकून घ्यावे लागते, आपले मत मागे घेण्याची तयारी ठेवावी लागते आणि एकदा ठरल्यावर आपल्या गैरसोयीचा निर्णयही पाळावा लागतो. परंतु ज्या निर्णयात आपलाही शब्द मिळालेला असतो, तो पाळण्यासाठी माणसाच्या मागे पहारेकरी ठेवावा लागत नाही. चांगल्या नायकाची खरी ओळख हीच की, त्याच्या पश्चातही पाट वाहता राहतो; कारण तो गाळ उपसण्यास कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता सारे गाव जमते.